गॅलिलिओची तुळई

दिवाळीत आकाशकंदील टांगताना घरोघरी एक लहानसा शास्त्रीय प्रयोग होत असतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. गॅलरीच्या कठड्याला वेळूची काठी बांधायची, तिचे एक टोक बाहेर काढायचे आणि त्या टोकाला कंदील अडकवायचा. कंदील जड असला तर काठी वाकते. फारच जड असला तर मोडते. ती टोकाशी मोडत नाही, मधोमधही मोडत नाही. जिथे बांधलेली असते तिथेच मोडते. किती वजनाला मोडेल, हा प्रश्न सुतारापासून शास्त्रज्ञापर्यंत सर्वांना पडत आलेला आहे. त्याचे पहिले छापील गणिती उत्तर १६३८ साली प्रसिद्ध झाले. ते चुकीचे होते. आणि ते चुकीचे उत्तर ज्या पुस्तकात आहे, त्याच्याइतके इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, असे माझे मत झाले आहे. हे मत विक्षिप्त वाटेल हे मी जाणतो. ते सुखासुखी झालेले नाही. त्यासाठी मला आधी एक अन्याय करावा लागला.

तीस-बत्तीस वर्षे मी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स’ हा विषय शिकवला. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. सहामाही परीक्षेत मी एक सोपा प्रश्न घातला होता. भिंतीत एक टोक पक्के बसवलेली लाकडी तुळई आहे. बाहेरच्या टोकाला किती वजन टांगले असता ती मोडेल? सूत्र पाठ असले की दोन मिनिटांचे काम. एका मुलाला सूत्र आठवले नाही. त्याने डोके चालवले. तुळई म्हणजे तरफ, असे धरले. भिंतीलगतची तिची खालची कड म्हणजे तरफेचा टेकू, असे मानले. आणि तुळईच्या छेदातले सगळे तंतू एकदम, सारख्याच जोराने तिला धरून ठेवतात, असे कल्पून हिशेब मांडला. उत्तर बरोबर तिप्पट आले. मी लाल पेन्सिलीने ‘मूळ कल्पनाच चुकीची’ असा शेरा मारला आणि शून्य गुण दिले.

मुलगा खोलीवर आला. म्हणाला, “सर, सूत्र आठवलं नाही, म्हणून मी विचार करून लिहिलं.”

“अरे, विचार करून चूक करण्यापेक्षा पाठ करून बरोबर लिही की!” मी म्हणालो. शेजारी बसलेले दोघे सहकारी हसले.

तो तरी हलेना. “पण सर, लाकूड वरून फाटतं आणि खालच्या कडेवर टेकतं. वडिलांच्या कामावर मी डोळ्यांनी पाहिलंय.” त्याचे वडील सुतार होते.

“परीक्षेत वडिलांचं लिहायचं नसतं, पुस्तकातलं लिहायचं असतं,” असे मी त्याला सुनावले. तो “बरं सर” म्हणून गेला.

पुढे एका मे महिन्याच्या सुटीत गॅलिलिओच्या ‘दोन नव्या विद्यां’वरच्या ग्रंथाचे १९१४ साली निघालेले इंग्रजी भाषांतर माझ्या हाती आले. दुसऱ्या दिवसाच्या संवादात एक चित्र आहे. पडकी भिंत, तिच्यातून बाहेर आलेली तुळई, तिच्या टोकाला आकड्याने टांगलेले वजन. चित्राखालचे विवेचन मी वाचू लागलो. तुळई म्हणजे तरफ; भिंतीलगतची खालची कड हा टेकू; सगळे तंतू सारख्याच जोराने धरून ठेवतात. तीच वाट, तेच उत्तर, तीच तिप्पट! पान वाचता वाचता मला ती उत्तरपत्रिका दिसू लागली. मी गॅलिलिओला शून्य गुण दिले होते.

ह्या प्रसंगाने मला शरम वाटली हे खरे. पण शरमेने माणूस वाङ्मयाचा परीक्षक होत नाही. तेव्हा त्या ग्रंथाकडे ग्रंथ म्हणूनच पाहिले पाहिजे.

तो लिहिला गेला ती परिस्थिती सर्वांना माहीत आहे. १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने गॅलिलिओला दोषी ठरवले आणि त्यानंतर फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरात तो नजरकैदेत राहिला. इटलीत त्याचे पुस्तक छापण्याची सोय उरली नव्हती. म्हणून ते हॉलंडमधील लायडन येथे एल्झेविर ह्या मुद्रकांनी छापले. छापील प्रत हाती येईपर्यंत त्याची दृष्टी पार गेली होती. असा माणूस पुस्तकाचा आरंभ कशाने करतो? आकाशाने नव्हे, ईश्वरानेही नव्हे. व्हेनिसच्या जहाजांच्या कारखान्याने. तिथे जा, तिथल्या जाणत्या कारागिरांशी बोला, विचार करणाऱ्याला तिथे पुष्कळ सापडेल, असे सांगून तो संवादाला तोंड फोडतो. १५९२ ते १६१० ही अठरा वर्षे गॅलिलिओ व्हेनिसच्या राज्यातील पादुआ येथे प्राध्यापक होता; तेव्हा ही ओळख पुस्तकी नव्हती.

संवादात तिघे आहेत. साल्विआती हा लेखकाचा कैवारी, साग्रेदो हा चौकस आणि बहुश्रुत गृहस्थ, आणि सिंप्लिचिओ हा ॲरिस्टॉटलचा अभिमानी. संवादरूपाने वाद मांडण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव ह्यांच्या संवादातच. ह्या रीतीचा गुण असा की तिच्यात शंकेला बसायला पाट मिळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत शंकेला जागाच नसते. तिथे एकच जण बोलतो आणि तो कधी अडखळत नाही. गॅलिलिओच्या पुस्तकात शहाणी माणसे अडखळतात, ‘हे मला पटत नव्हते’ असे सांगतात, मागे वळून पुन्हा हिशेब मांडतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी गतीचे सिद्धांत आले की तो लॅटिनमध्ये शिरतो. पण तुळया, खांब, दोर आणि पंप ह्यांविषयीचे पहिले दोन दिवस कारखान्यातल्या माणसांच्या इटालियन भाषेत आहेत. माझ्या विद्यार्थ्याची इंग्रजी उत्तरपत्रिका धड कळत नव्हती. ‘वरून फाटतं आणि खालच्या कडेवर टेकतं’ हे मराठी वाक्य मात्र स्वच्छ होते. तेव्हा ते माझ्या कानावर पडले, कानात शिरले नाही.

ग्रंथाच्या आरंभीच एका वृद्ध कारागिराची आठवण निघते. मोठे जहाज पाण्यात उतरवताना त्याला लहान जहाजापेक्षा कितीतरी भक्कम टेकू आणि बांधणी का लागते, असे विचारल्यावर तो म्हणाला होता की मोठे जहाज स्वतःच्याच भाराने मोडण्याचा धोका असतो. साग्रेदोला हे आधी पटलेले नव्हते. भूमितीत लहान त्रिकोणाला लागू असते तेच मोठ्यालाही लागू होते. मग यंत्राला का होऊ नये? साल्विआती दाखवून देतो की म्हातारा बरोबर होता. सर्व मापे दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण आडव्या छेदाचे क्षेत्र चौपटच वाढते. म्हणून घोडा तीन-चार हातांवरून पडला तर हाडे मोडतात आणि मांजर आठ-दहा हातांवरून पडूनही चालू लागते. छोट्या नमुन्यावरून मोठी वस्तू बांधू पाहणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने हे पान वाचले पाहिजे.

मला त्याहूनही आवडते ती खांबाची गोष्ट. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांशी दोन ओंडके ठेवून आडवा करून ठेवला होता. मध्ये मोडेल ह्या भीतीने एका शहाण्याने मधोमध तिसरा ओंडका घालायला सांगितले. सर्वांना ही खबरदारी पटली. काही महिन्यांनी खांब मोडला, तो नेमका नव्या ओंडक्यावर. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता आणि मधला टणक राहिला होता. त्यामुळे खांबाची अर्धी बाजू अधांतरी झाली. दोनच ओंडके असते तर एक खचल्याने काही बिघडले नसते. जादा आधारानेच घात केला. आम्ही हाच धडा तिसऱ्या वर्षाला ‘आधार खचण्याचे परिणाम’ म्हणून पानभर समीकरणांनी शिकवतो आणि मुले समीकरण तेवढे लक्षात ठेवतात.

मात्र गॅलिलिओचे स्तोत्र गाण्याचा माझा हेतू नाही. पंप सुमारे अठरा हातांपलीकडे, म्हणजे आपल्या मापाने साधारण दहा मीटरांपलीकडे, पाणी ओढू शकत नाही हे त्याने एका कारागिराकडून ऐकले आणि नोंदले. पण कारण दिले ते साफ चुकीचे. लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे तो म्हणतो. हवेचा दाब हे खरे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली ह्याने १६४४ साली एका पत्रात पाऱ्याच्या नळीचा प्रयोग वर्णून सांगितले. तुळईची गोष्ट तशीच. घरातला एक खोडरबर घ्यावा, त्याच्या कडेवर पेनने उभ्या रेघा ओढाव्या, एक टोक घट्ट धरून दुसरे खाली दाबावे. वरच्या बाजूला रेघा फाकतात, खालच्या बाजूला जवळ येतात, मध्यावर होत्या तशाच राहतात. म्हणजे वरचे तंतू ताणले जातात, खालचे दाबले जातात, आणि मधल्यांना काहीच होत नाही. सगळे तंतू सारखे ताणले जातात हे गॅलिलिओचे गृहीत इथेच ढासळते.

मग एवढ्या मोठ्या माणसाला हे का दिसले नाही? कारण ताणले की प्रत्येक वस्तू थोडी लांबते, आणि जितका ताण तितकी लांबी, हा नियमच तेव्हा नव्हता. तो रॉबर्ट हूकने १६७६ साली अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली स्वतःच उकलून दाखवला. पुढे व्हर्सायच्या राजवाड्याच्या पाण्याच्या नळांचे काम करणाऱ्या मारिओतने लाकडाच्या आणि काचेच्या कांड्या मोडून पाहिल्या. गॅलिलिओचा आकडा फुगलेला आहे हे त्याला दिसले. त्याचे हे लेखन १६८६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. १७१३ साली परां ह्याने बरोबर उत्तर काढले. पण त्याचे ते लेखन अकादमीच्या खंडांत आले नाही आणि कोणाच्या नजरेतही भरले नाही. १७७३ साली कूलोम ह्या लष्करी इंजिनिअरने ते पुन्हा स्वतंत्रपणे मांडले, आणि १८२६ साली नाव्हिएच्या व्याख्यानांच्या पुस्तकात त्याला आजचे पाठ्यपुस्तकी रूप आले. १६३८ ते १८२६. विद्यार्थी जे सूत्र दोन मिनिटांत वापरतो, ते हाती यायला एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

आणि ह्या चुकीतही एक मौज आहे. आयताकृती तुळईसाठी गॅलिलिओचा अपूर्णांक एक-द्वितीयांश, बरोबर अपूर्णांक एक-षष्ठांश. परंतु दोन तुळयांची तुलना करताना हा अपूर्णांक दोन्हीकडून उडून जातो. म्हणून फळी आडवी ठेवण्यापेक्षा कडेवर उभी ठेवली तर किती पट जास्त भार घेईल, हे त्याने अचूक सांगितले. बारा इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी उभी ठेवली की सहापट भार घेते. पोकळ नळी त्याच वजनाच्या भरीव कांडीपेक्षा मजबूत असते, हेही त्याने पक्ष्यांच्या हाडांचा आणि वेळूसारख्या पोकळ कांड्यांचा दाखला देऊन सिद्ध केले. आपली कंदिलाची काठी त्याची साक्ष आहे. विसाव्या शतकात पोलादी बांधकामाच्या अभ्यासकांनी ‘वाकेल किती’ ह्याऐवजी ‘कोसळेल केव्हा’ असा प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्यांच्या हिशेबात एक-चतुर्थांश हा अपूर्णांक आला. उत्तर गॅलिलिओचे नव्हते. प्रश्न मात्र त्याचाच होता.

आता आपल्या पाठ्यपुस्तकांकडे वळू. त्यांत इतिहास अजिबात नसतो असे नाही. प्रकरणाच्या आरंभी चौकटीत एक लंबगोल चित्र असते, खाली जन्म-मृत्यूची साले असतात, आणि फार तर सफरचंदाची किंवा न्हाणीघराची गोष्ट असते. दिवाणखान्यातल्या पूर्वजांच्या तसबिरींसारखा हा इतिहास. सणाला हार घालायचा, एरवी धूळ झटकायची. टॉमस कून ह्यांनी १९६२ साली लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात पाठ्यपुस्तके आपल्याच विद्येतल्या उलथापालथी कशा झाकून टाकतात हे एका प्रकरणात दाखवले आहे. टिमोशेंको ह्यांचा १९५३ सालचा ‘हिस्टरी ऑफ स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स’ हा ह्याला मोठा अपवाद. तो व्यासंगी आहे, वाचनीय आहे, आणि वर सांगितलेली परंपरा त्यात नीट आलेली आहे. पण टिमोशेंको मुख्यतः अंतिम उत्तराच्या बाजूने मागे पाहतात. कोण किती जवळ आला, कोण कुठे चुकला, ह्याचा निवाडा ते देतात. चुकणाऱ्याला आतून काय दिसत होते, ते फारसे विचारत नाहीत. विद्यार्थ्याला मात्र नेमके तेच हवे असते, कारण तो स्वतः आत उभा असतो.

ह्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. एक सहकारी मला म्हणाले, “अहो, मोटार चालवायला शिकवताना चाक कोणी शोधलं ते कशाला सांगायचं?” दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९७४ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात स्टीफन ब्रश ह्यांनी, विज्ञानाच्या खऱ्या इतिहासाला ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मारावा काय, अशा अर्थाचा मिस्कील प्रश्न विचारला होता. शास्त्रज्ञ प्रत्यक्षात कसे वागले हे कळले तर कोवळ्या विद्यार्थ्याची श्रद्धा ढळेल, ही भीती त्यामागे आहे. ती निराधार नाही. मी गॅलिलिओची तुळई वर्गात शिकवू लागलो, त्याच्या पहिल्याच वर्षी तीन मुलांनी परीक्षेत गॅलिलिओचे उत्तर लिहिले आणि खाली अभिमानाने त्याचे नावही घातले! गुण किती द्यावे ह्या विचारात मी बराच वेळ पेन्सिल चावत बसलो.

तरीही मी ते सोडले नाही, ते एका सज्ज्यामुळे. एकदा एका बांधकामावर गेलो होतो. तिथला तरुण इंजिनिअर माझाच विद्यार्थी, पहिल्या वर्गात आलेला. सज्ज्याच्या सळया बांधून तयार होत्या, काँक्रीट ओतायचे होते. पाहतो तो सळया तळाशी! काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून जिथे ताण तिथे सळई, हे त्याचे साधे तत्त्व. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईत ताण खाली असतो. भिंतीतून बाहेर आलेल्या सज्ज्यात तो वर असतो. मी विचारले तर तो गोंधळून म्हणाला, “सर, बीमला सळया खालीच असतात ना?” सूत्र त्याने मला तिथल्या तिथे म्हणून दाखवले असते, एका अक्षराची चूक न करता. सळया वर घेतल्या, काम निभावले. पण परतताना माझ्या कानात एकच वाक्य घुमत होते: ‘सर, वरून फाटतं.’ शून्य गुण मिळालेल्या मुलाने हा सज्जा कधीच असा बांधला नसता.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात ‘विज्ञानाचा इतिहास’ नावाचा नवा विषय घालू नये. तो घातला की त्याच्या मार्गदर्शिका निघतील आणि मुले हूकचे कोडेही पाठ करतील. ज्या तासाला सूत्र शिकवायचे, त्याच तासाला ते सूत्र नसताना शहाण्या माणसाने काय केले असते, ते आधी मुलांना करू द्यावे. मग गॅलिलिओचे पान वाचावे. मग खोडरबर वाकवावा. आणि शेवटी सूत्र मांडावे. मी हे तीन तासांत बसवत असे. त्याने निकाल वाढला असे मी म्हणणार नाही, वाढला नाही. फरक पडला तो प्रश्नांत. ‘हे सूत्र परीक्षेला येणार का?’ ह्याच्या जोडीला ‘हे सूत्र कुठे चालणार नाही?’ असेही कोणी कोणी विचारू लागले. आज तुळईचा हिशेब संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करून देतो. तेव्हा तर दुसऱ्या प्रश्नाखेरीज इंजिनिअरकडे विचारण्यासारखे फारसे काही उरत नाही. सूत्राला जन्म असतो, आईबाप असतात, अटी असतात. ते आकाशातून पडलेले नाही, हे ज्याला कळले त्यालाच त्याची हद्द कळते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. वार्षिक परीक्षेत त्याने तोच प्रश्न सूत्र लिहून सोडवला. उत्तर अचूक होते. मी पूर्ण गुण दिले. गॅलिलिओचे पुस्तक माझ्या हाती पडले तोवर तो शिकून निघून गेला होता. मधल्या काळात मला तो कितीतरी वेळा जिन्यात भेटला, अदबीने नमस्कार करून बाजूला झाला. पण विचारायला म्हणून खोलीवर तो पुन्हा कधी आला नाही.